भावाचं फीडर जहाज ॲपवर तीन दिवस एकाच जागी गोल गोल फिरतंय, आणि ते सगळे आकडे म्हणजे काय?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. मी इथे वर्षभर नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ दीड महिन्यापूर्वी थर्ड ऑफिसर म्हणून जॉइन झाला. कंटेनरचं छोटं जहाज आहे, याला फीडर म्हणतात असं तोच म्हणाला, कोलंबो ते कलकत्ता आणि परत अशा फेऱ्या मारतं. आम्ही हर्णैचे, बाबांची स्वतःची मासेमारीची बोट आहे, त्यामुळे समुद्र घरात नवीन नाही, पण हे ॲपवर जहाज बघत बसणं प्रकरण नवीन. भावाने जाताना आईच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं आणि सगळ्यांची झोप उडाली. आधी बरं होतं, फोन आला तर आला, नाही तर नाही.

तर झालं असं की गेल्या शुक्रवारी जहाज कोलंबोहून सुटलं. शनिवारी बघतो तर श्रीलंकेच्या खाली, पार दक्षिणेला! आई म्हणाली कलकत्ता वर आहे ना, मग हा उलटा कुठे चाललाय. रविवारी श्रीलंकेच्या उजव्या अंगाला दिसलं आणि त्यानंतर गायब. तीन दिवस नुसतं "शेवटची पोझिशन इतक्या तासांपूर्वी" आणि खाली पैसे भरा म्हणजे सॅटेलाइटचं दाखवतो. परवा गुरुवारी सकाळी ते एकदम बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला प्रकट झालं आणि तेव्हापासून तिथेच आहे. स्पीड ०.१, ०.३ असं काहीतरी, पण स्टेटस मात्र इंजिनावर प्रवास चालू असा. मागचा रस्ता दाखवायचं बटण दाबलं तर सरळ रेषा नाहीच, लोकरीचा गुंता झाल्यासारखं गोल गोल. सकाळी तोंड एकीकडे, दुपारी भलतीकडे. पोचायची वेळ दिलेली ती कधीच उलटून गेली. आईचं ठाम मत आहे की इंजिन बंद पडलंय आणि जहाज वाहत चाललंय. भावाचा फोन लागत नाही, व्हॉट्सॲपवर एक टिक.

अजून एक गंमत म्हणजे नावाने शोधलं तर त्याच नावाची तीन जहाजं येतात, आई एक अख्खा दिवस ब्राझीलमधल्या कुठल्यातरी टँकरला आपलं समजून बघत होती.

आणि बाबांना वेगळंच काहीतरी हवंय, ते म्हणतात जहाज केवढं आहे ते सांग. ॲपवर लिहिलंय लांबी १४८ मीटर, रुंदी २३, जीटी ९९०० च्या आसपास, डीडब्ल्यूटी १३,७०० च्या आसपास, टीईयू ११०० आणि थोडे, ड्राफ्ट ६.९, बांधणी २००७, झेंडा लायबेरिया. बाबा विचारतात वजन नक्की किती, नऊ हजार टन का तेरा हजार? मला कॉमर्सवालीला काय कळणार. कोणीतरी समजावून सांगा प्लीज.


सेकंडमेट_सुट्टीवर
ताई, आधी आईंना सांगा की जहाज अगदी ठणठणीत आहे आणि नांगरावर आहे. लोकरीचा गुंता दिसतोय हाच त्याचा पुरावा. वाहत चाललेलं जहाज गोल फिरत नाही, ते एका दिशेला सरकत राहतं, चोवीस तासांत पाचपंचवीस मैल कुठेतरी गेलेलं दिसलं असतं. नांगर टाकलेलं जहाज मात्र साखळीच्या टोकाला बांधलेल्या म्हशीसारखं असतं, भरतीचा प्रवाह आत जायला लागला की एकीकडे तोंड, ओहोटी लागली की दुसरीकडे तोंड, आणि जीपीएस दर थोड्या वेळाने ती जागा सांगत राहतो म्हणून त्याचा गुंता होतो. तो ०.१ आणि ०.३ स्पीड पण त्या झुलण्याचाच.

आता मूळ मुद्दा. ॲपवर जे दिसतं त्याला एआयएस म्हणतात. जहाजावर एक डबा असतो तो व्हीएचएफ रेडिओवर, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास दोन चॅनल आहेत त्यावर, आपोआप ओरडत असतो की मी अमुक, माझी जागा ही, स्पीड इतका, तोंड इकडे. चालू जहाज २ ते १० सेकंदांनी ओरडतं, नांगरावरचं ३ मिनिटांनी. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० जीटीच्या वरच्या सगळ्या जहाजांना हे सक्तीचं आहे, २००४ च्या शेवटापासून. पण हे मुळात काढलं ते एकमेकांना धडकू नये म्हणून, घरच्यांनी बघावं म्हणून नाही :) व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, पृथ्वी गोल, त्यामुळे वीसतीस मैलांच्या पुढे सहसा ऐकू येत नाही, किनाऱ्यावरची अँटेना उंच डोंगरावर असेल तर चाळीसपन्नास. फुकटचं ॲप किनाऱ्यावरच्या या अँटेनांवर चालतं. श्रीलंका मागे पडली आणि जहाज भर बंगालच्या उपसागरात गेलं की ऐकणारा कोणी नाही. उपग्रह ऐकतात, पण ते विकत. म्हणून तीन दिवस गायब. दरवेळी होणार, सवय करून घ्या.

श्रीलंकेच्या खालून का गेलं, तर मध्ये रामसेतू आहे ना. तिथे पाणी इतकं उथळ की मोठं जहाज जाऊच शकत नाही, कोलंबो पश्चिम किनाऱ्यावर, म्हणून गॉलच्या खालून डोंड्रा हेडला, म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालायचा आणि मग वर. सगळेच तसे जातात.

राहिलं स्टेटस. एआयएसमध्ये जागा, स्पीड, दिशा हे आपोआप येतं, पण स्टेटस, कुठे चाललोय, पोचायची वेळ आणि ड्राफ्ट हे माणसाने हाताने टाकायचं असतं. म्हणजे नांगर टाकल्यावर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या, कोणीतरी "अँकर" असं बदलायचं राहून गेलंय. आता ब्रिजवर असलं बारीकसारीक काम सगळ्यात ज्युनियर ऑफिसरच्या गळ्यात असतं, आणि सगळ्यात ज्युनियर ऑफिसर म्हणजे थर्ड ऑफिसर. पुढचं मी बोलत नाही.


सागरवेडा_७७
कोणाला घाबरवायचं नाही पण २००७ चं जहाज म्हणजे जुनं झालं. कोचीजवळ बुडालेलं ते एमएससी एल्सा ३ पण असंच विळिंजम ते कोची फेरीवर होतं, १९९७ ची बांधणी, आणि तेही लायबेरियाचाच झेंडा. आणि कधीकधी कॅप्टन मुद्दाम एआयएस बंद करतात. तुम्ही सॅटेलाइटचा प्लॅन घ्या, असल्या गोष्टीत पैसे वाचवू नयेत.


उरणकर
सागरवेडा भाऊ, "घाबरवायचं नाही पण" म्हणून सुरुवात करून नेमकं तेच केलंत. एल्सावरचे २४ च्या २४ लोक कोस्ट गार्ड आणि नेव्हीने वाचवले होते मे २०२५ मध्ये, ते पण लिहा की.

खाडीकाठची ताई, मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवायच्या, कामात आहे, जहाजावर कधी चढलो नाही, पण रोज सकाळी उठून पहिलं काम जहाज कुठे आहे ते बघायचं, कारण पार्टी, म्हणजे ज्याचा माल आहे तो, सात वाजता फोन करते. तुमच्या बाबांसाठी फीडरचं थोडं सांगतो. चीनहून किंवा युरोपातून येणारं मोठं जहाज, ज्याला आम्ही मदर म्हणतो, ते आता चारशे मीटर लांबीपर्यंत आणि २४,००० टीईयूपर्यंत गेलंय, ते प्रत्येक बंदरात जाऊ शकत नाही, परवडतही नाही आणि मावतही नाही. मग ते कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांग असल्या ठिकाणी डबे, म्हणजे कंटेनर, उतरवतं आणि तिथून तुमच्या भावाच्या जहाजासारखी छोटी जहाजं ते डबे बारक्या किंवा उथळ बंदरात पोचवतात. एसटी महामार्गावर सोडते आणि तिथून गावात वडाप, तसं. कलकत्ता तर पूर्ण फीडरवरच आहे म्हणा ना, कारण ते समुद्रावरचं बंदरच नाही, हुगळी नदीत दोनशे किलोमीटरच्या वर आत आहे.

आणि त्या पोचायच्या वेळेवर अजिबात जाऊ नका. ती ईटीए म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त. जहाज बंदराबाहेर आलं तरी धक्का रिकामा पाहिजे, पायलट म्हणजे आतली वाट दाखवणारा पाहिजे, पाणी पाहिजे. आमच्याकडे एका पार्टीचा माल कोलंबोला अकरा दिवस पडून होता कारण फीडरमध्ये जागाच मिळेना, दर वेळी पुढच्या जहाजावर ढकलत होते, आणि पार्टी मला ॲपचा स्क्रीनशॉट पाठवून विचारायची की जहाज तर न्हावा शेवाला लागलंय मग माझा डबा कुठे. जहाज लागलं म्हणजे डबा आला असं नसतं हो! ज्यांना मालाचं बघायचंय त्यांनी जहाजाच्या मागे न लागता डब्याचा नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे, लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर टाकावा. बंदरातून निघालेल्या डब्याला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओने वाचता येणारी चिठ्ठी, लावतात, त्यावरून तो कुठल्या गेटमधून गेला ते कळतं. २०१६ मध्ये जेएनपीटीपासूनच, म्हणजे आमच्या न्हावा शेवापासूनच, सुरू झालंय ते. हे ताईंच्या कामाचं नाही, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.


अँटेनाबाबा
नावाचा घोळ मी सोडवतो, माझा आवडता विषय आहे. नावाने शोधायचंच नाही. जहाजाचं नाव म्हणजे काय, विकलं की बदललं, झेंडाही बदलतो, पण आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, बदलत नाही, बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत तोच. सात आकडी असतो, जहाजावर कायमचा कोरलेला किंवा रंगवलेला असतो. भावाकडून तो घ्या आणि ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा, ब्राझीलचा टँकर परत येणार नाही.

दुसरा नंबर असतो एमएमएसआय, नऊ आकडी, तो रेडिओचा असतो आणि झेंडा बदलला की तोही बदलतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४१९, लायबेरियाचे ६३६. तुमच्या भावाच्या जहाजाचा ६३६ ने सुरू होत असणार, बघा.

आयएमओ नंबर बरोबर लिहून घेतलाय का ते पाढ्यांनी तपासता येतं, लहान मुलांना द्यायला मस्त खेळ आहे. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरचा सातवा आकडा एकच आला पाहिजे. उदाहरणार्थ एक्स-प्रेस पर्ल, २०२१ मध्ये कोलंबोसमोर जळालेलं फीडर, त्याचा नंबर ९८७५३४३. नऊ साते त्रेसष्ट, आठ सक अठ्ठेचाळीस, सात पाचे पस्तीस, पाच चोक वीस, तीन त्रिक नऊ, चार दुणे आठ. बेरीज १८३, शेवटी ३, नंबरच्या शेवटीही ३. जमलं.

(उदाहरण म्हणून तेच जहाज का घेतलं असं उरणकर विचारायच्या आत सांगतो, तो नंबर मला पाठ आहे, दुसरं काही कारण नाही. आणि सागरवेडा यांना एक, ते जळालं तेव्हा जेमतेम तीनचार महिन्यांचं कोरं जहाज होतं. नायट्रिक ॲसिडचा एक डबा गळत होता, तो उतरवून घ्यायला दोन बंदरांनी नकार दिला आणि पुढे आग लागली. जहाजाच्या वयाचा काही संबंध नाही.)

मी स्वतः रत्नागिरीला टेकडीवर राहतो, छतावर छोटी अँटेना आणि लॅपटॉपला एक डोंगल एवढ्यावर एआयएस ऐकतो, चांगल्या हवेत तीस मैलांपर्यंतची जहाजं येतात, मुंबईहून खाली कोचीकडे जाणारी सगळी रांग दिसते. तो डेटा साइटला दिला की ती साइट त्या बदल्यात पैशाचा प्लॅन फुकट देते. म्हणजे तुम्हाला जे फुकट दिसतं ते माझ्यासारख्या रिकामटेकड्यांच्या छतांवरून येतं. समुद्राच्या मध्यावर कोणाचं छत नाही, हाच काय तो प्रॉब्लेम.


सेकंडमेट_सुट्टीवर
सॅटेलाइट प्लॅन वगैरे घ्यायची काही गरज नाही. घेतलात तर आई दर तासाला बघणार आणि दर तासाला नवीन शंका. अनुभवाचं सांगतोय, माझ्या बायकोने घेतला होता.

एआयएस बंद करण्याबद्दल. कॅप्टनला ती मुभा आहे, चालू ठेवल्याने जहाजाच्या सुरक्षेला धोका असेल तर. लाल समुद्रात २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येकांनी बंद केलं, आणि काहींनी तर कुठे चाललोय त्या रकान्यात बंदराऐवजी "सशस्त्र गार्ड जहाजावर आहेत" नाहीतर "सगळा क्रू चिनी आहे" असं टाकायला सुरुवात केली होती, म्हटलं ना तो रकाना हाताने भरायचा असतो. आखातात जीपीएस जॅमिंग होतं तेव्हा ॲपवर जहाजं वाळवंटात उभी दिसतात, तेही खरं. पण कोलंबो-कलकत्ता लाइनवर यातलं काही नाही.

आता बाबांचा प्रश्न. दोन्ही आकडे जहाजाचं वजन नाहीत काका! जीटीमध्ये टन शब्द असला तरी ते वजन नाही, जहाजाच्या आतल्या सगळ्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा आहे, बंदराचे कर, किती ऑफिसर लागतात, कुठले नियम लागू होतात हे त्यावर ठरतं. डीडब्ल्यूटी म्हणजे जहाज किती ओझं उचलू शकतं, त्यात माल, डिझेल आणि फर्नेस ऑइल, पिण्याचं पाणी, किराणा, माणसं सगळं आलं. म्हणजे १३,७०० टन हे पाठीवर घेता येईल ते ओझं, जहाजाचं स्वतःचं लोखंड वेगळं. बोटीच्या भाषेत, बर्फ, डिझेल, जाळं, खलाशी आणि मासळी मिळून किती झेपतं ते.

टीईयू म्हणजे वीस फुटी डबे किती मावतात. यात एक मेख आहे, ११०० हे डबे नुसते रचले तर. प्रत्येक डबा मालासकट १४ टनांचा धरला तर या साइजच्या जहाजावर सातशेच्या आसपासच बसतात, कारण वर जास्त वजन गेलं की जहाज डोलकरणीसारखं डोलायला लागतं. म्हणून वरचे डबे बरेचदा रिकामे किंवा हलके असतात.

आणि ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली किती बुडालंय, हा तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा आकडा. या टाइपचं जहाज पूर्ण भरलं तर साडेआठ मीटरच्या आसपास बुडतं. तुमच्याकडे ६.९ लिहिलंय. म्हणजे अर्धवट भरून चाललंय, आणि मुद्दाम, कारण हुगळीत त्याच्यापेक्षा जास्त घेऊन जाताच येत नाही. नदी गाळाने भरलेली, वाळूचे दांडे सरकत असतात, पोर्टवाले रोजच्या भरतीप्रमाणे आज किती ड्राफ्ट चालेल ते जाहीर करतात. जहाज सँडहेड्सला, म्हणजे नदीच्या तोंडाबाहेर समुद्रात, नांगर टाकून थांबतं, तिथे किंवा पुढे सागर बेटाकडे पायलट चढतो, मग भरती बघून आत, मध्ये डायमंड हार्बरकडे परत कधीकधी थांबायचं, आणि शेवटी डॉकच्या लॉकगेटमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांमधून, भरतीच्याच वेळेला शिरायचं. मी त्या लाइनवर एक कॉन्ट्रॅक्ट केलंय, पाच दिवस सँडहेड्सला झुललोय. मोबाइलला रेंज नाही, जुन्या फीडरवर इंटरनेटही मोजून मापून मिळतं. म्हणून एक टिक.


खाडीकाठची
सगळ्यांचे खूप खूप आभार! मी हे सगळं आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आईने गुंता आणि म्हशीपर्यंत ऐकलं आणि चहा ठेवायला गेली, म्हणजे पटलं.

बाबांचं मात्र ऐका. ते एवढा वेळ गप्प बसले होते. ड्राफ्ट आणि भरतीचं वाचल्यावर म्हणाले आज तिथी काय? मी म्हटलं नवमी. तर म्हणे मग काय, भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस, चालू आहे, भांगाच्या पाण्यात भरलेली बोट घेऊन खाडीत कोण घुसतो काय! आपली दालदी मच्छीमार माणसं पण थांबतात, ते तर एवढं मोठं धूड. एकादशी होऊ दे, द्वादशीला पाणी धरेल तेव्हा जाईल आत. आणि मग ॲप उघडून मला दाखवलं की जहाजाचं तोंड कधी फिरलं ते बघ, दर सहा तासांनी फिरतंय, म्हणजे पाणी फिरलं. ॲपमधलं इंग्रजी एक अक्षर न वाचता!

लांबीचं मी त्यांना फुटात करून दिलं, १४८ मीटर म्हणजे साधारण ४८५ फूट. आमची बोट ४५ फूट. ते म्हणाले दहा बोटी एकामागे एक लावल्या आणि वर एक होडी बांधली. एवढ्यावर खूश.

अजून दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे सरकारने बोटीवर तो ट्रान्सपॉन्डर बसवायचा म्हणून चाललंय ना, बाबा विचारतात तो आणि हा एकच का, म्हणजे उद्या आई घरबसल्या बाबांना पण ॲपवर बघणार का (हे विचारताना चेहरा गंभीर होता). दुसरा प्रश्न माझा, २००७ चं जहाज खरंच जुनं का? सागरवेडा यांचं डोक्यातून जात नाहीये.


अँटेनाबाबा
काकांना सांगा निर्धास्त राहा :) तो वेगळा. बोटींवरचा तो इस्रोच्या उपग्रहातून चालतो, मत्स्य खात्याची योजना आहे, एक लाख बोटींवर बसवायचाय, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात जाहीर झालं होतं ते. त्यातून हवामानाचा इशारा येतो आणि संकटात मेसेज पाठवता येतो. तो या पब्लिक ॲपवर दिसत नाही. काकूंना कळणार नाही.

तिथीवरून भरती सांगणारा माणूस घरात असताना तुम्ही इथे कशाला विचारत बसलात हेच मला कळत नाही.


सेकंडमेट_सुट्टीवर
काकांना माझा नमस्कार सांगा. कॉलेजात आम्हाला स्प्रिंग आणि नीप टाइड शिकवायला सरांनी एक अख्खं लेक्चर घालवलं होतं, उधाण आणि भांग म्हणाले असते तर अर्ध्या वर्गाला पाच मिनिटांत कळलं असतं, अर्धा वर्ग रायगड-रत्नागिरीचाच होता.

जहाजाच्या वयाबद्दल. २००७ म्हणजे तरुण नाही, पण फीडर लाइनवर सर्रास चालतात. वयापेक्षा देखभाल कशी आहे ते बघायचं, आणि ते बघायची सोय आहे. इक्वॅसिस नावाची साइट आहे, युरोपातल्या सरकारी यंत्रणा चालवतात, २००० पासून आहे, नाव नोंदवलं की फुकट. तिथे आयएमओ नंबर टाकला की मालक कोण, चालवणारी कंपनी कोण, क्लास म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणारी संस्था कुठली, आणि मुख्य म्हणजे कुठल्या बंदरात तपासणी झाली, किती दोष निघाले, जहाज अडकवून ठेवलं होतं का, हे सगळं येतं. दोनचार किरकोळ दोष प्रत्येक जहाजाला निघतात, त्याने घाबरू नका. वारंवार डिटेन्शन दिसलं तर मात्र विचार करायचा. मी स्वतः कुठलंही कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी हे बघतो, भावालाही सांगा, जॉइन झाल्यावर नाही, आधी. लायबेरियाच्या झेंड्याचं एवढं काही नाही, करासाठी आणि सोयीसाठी जगातली ढीगभर जहाजं तिथे नोंदवलेली आहेत, मागच्या बाजूला मन्रोविया लिहिलेलं असतं आणि जहाजाने मन्रोविया आयुष्यात बघितलेलं नसतं.

एक महत्त्वाचं. ॲप म्हणजे मदत केंद्र नाही. खरंच काळजी वाटली तर ज्या एजंटमार्फत भाऊ गेलाय त्याच्या ऑफिसला फोन करायचा. आणि प्रत्येक कंपनीत डीपीए म्हणून किनाऱ्यावरचा एक जबाबदार माणूस नेमलेला असतोच, नियमच आहे, त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो. भावाकडून दोन्ही नंबर घेऊन फ्रीजवर चिकटवा. आणि जहाजाचं नाव इथे लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत, पुढेही लिहू नका, कोण कुठल्या जहाजावर आहे हे चारचौघात कशाला.


सागरवेडा_७७
ताई सॉरी, माझा तसा हेतू नव्हता. बातम्या जास्त बघतो त्याचा परिणाम.


उरणकर
चालायचंच. द्वादशीला काय झालं ते मात्र इथे कळवा, काकांच्या नावाने मी ऑफिसात चहाची पैज लावलीय.


खाडीकाठची
अपडेट! मंगळवारी, म्हणजे द्वादशीलाच, पहाटे जहाज हललं!! बाबांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त आईकडे एकदा बघितलं. उरणकर, चहा प्या.

दुपारी ते नदीत शिरलं आणि आईने परत आरडाओरडा केला की जहाज शेतातून चाललंय, कारण नकाशावर दोन्ही बाजूला गावंच गावं. संध्याकाळी डायमंड हार्बरजवळ थांबलं आणि तिथे रेंज मिळाल्यावर भावाचा फोन आला. पाच मिनिटं आईने घेतली, दोन बाबांनी. बाबांनी एकच विचारलं, जहाजाच्या पंख्याखाली पाणी किती राहतं, आणि उत्तर ऐकून हं म्हणाले.

मग मी त्याला स्टेटसचं विचारलं, की चार दिवस आमचा जीव टांगणीला आणि तू एक बटण बदललं नाहीस. तर म्हणतो माझी चूक नाही, नांगर पहाटे साडेपाचला टाकला, ती चीफ ऑफिसरची वॉच, म्हणजे पाळी, असते, माझी आठ ते बारा, मी तेव्हा वॉचवर नव्हतोच. आता यावर मी काय बोलणार, मला वॉचमधलं काही कळत नाही.


सेकंडमेट_सुट्टीवर
वॉच चीफचीच होती, बरोबर बोलतोय. पण नांगर टाकताना चीफ ऑफिसर पुढे टोकाला साखळीपाशी उभा असतो, आणि ब्रिजवर कॅप्टनच्या शेजारी कोण असतो ते भावाला विचारा.


खाडीकाठची
विचारलं. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.